उंदरांचा उपास

आमच्या कॉलेजात जुने विद्यार्थी कधीमधी भेटायला येत, तेव्हा गेटवर हिरामणदादांना बघून थबकत. "मामा, तुम्ही इथे? मग उंदीरघर कोण बघतं?" दादा नुसते हसायचे आणि गाडी सावलीत लावा म्हणायचे. स्टोअरच्या खिडकीतून मला ते दिसायचं आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. आयुष्य ज्याने उंदीरघरात काढलं त्याला गेटवर खुर्ची टाकून बसवलं, आणि बसवलं कोणामुळे, हे माहीत असलेली त्या कॉलेजात मी एकटी.

मी कल्पिता, राहणार नागाव. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या या फार्मसी कॉलेजात स्टोअर सांभाळते. स्टोअरची चावी माझ्याकडे आणि उंदीरघराची दादांकडे, म्हणजे चाव्यांच्या नात्याने आम्ही भाऊबहीण. मुलं त्यांना मामा म्हणायची, मी दादा. ते मला ताई म्हणायचे, वयाने मी बरीच लहान असूनही.

दादांचं गाव पोयनाडच्या पुढे, खाडीकाठच्या खारीत. आगरी घर. तरुणपणी मिठागरात मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या आणि त्यात गुडघे कामातून गेले. मग कोणाच्या तरी ओळखीने कॉलेजात लागले, ते थेट उंदीरघरात. कागदावर त्याचं नाव अ‍ॅनिमल हाउस. आत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे, एका कोपऱ्यात ससे, आणि वास असा की पहिल्या वर्षाची मुलं नाक दाबून दारातूनच परत फिरतात. दादा मात्र आत शिरताना चपला बाहेर काढायचे. "काय पोरांनो, झोप झाली का?" असं विचारत पिंजऱ्यांमधून फिरायचे. उंदीर धरायची त्यांची पद्धत अशी, की तळहातावर आधी थोडा वेळ बसू द्यायचं, मग मुठीत घ्यायचं. त्यांना कधी उंदीर चावलेला मी बघितला नाही. आमच्या प्राध्यापकांना मात्र चावलेत, आणि त्याचं मला वाईट वाटलं असं काही सांगता येत नाही.

आमच्याकडे जास्त करून पोटातल्या अल्सरच्या औषधांवर काम चालतं. मोठ्या सरांचा, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचा, तोच विषय. पद्धत साधारण अशी. उंदरांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचं, फक्त पाणी. पिंजऱ्याचा तळ जाळीचा, कारण भुकेला उंदीर स्वतःची लेंडी खातो; ती जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडली पाहिजे. दुसऱ्या दिवशी काहींना तपासायचं औषध पाजायचं, काहींना नुसतं पाणी, आणि मग सगळ्यांना अंगदुखीच्या गोळीचा मोठा डोस. रिकाम्या पोटात ती गोळी जखमा करते. काही तासांनी उंदरांना मारून पोट उघडायचं, मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि लाल ठिपके भिंगाखाली बघायचे. ज्यांना नुसतं पाणी मिळालं त्यांच्या पोटात ठिपके भरपूर आणि औषधवाल्यांच्या पोटात कमी, तर औषधात दम आहे. पण मुळात उंदीर उपाशीच नसेल तर सगळा खेळ खलास. भरल्या पोटावर गोळी तेवढी लागत नाही. मग औषधाचा गुण कुठला आणि अन्नाचा कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि उंदीर मेले ते फुकट.

ते फुकट मरणं दादांना सहन व्हायचं नाही. मारण्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. "औषध मिलालं मानसांना, तर पोरांचं काम झालं," एवढंच म्हणायचे. पण एखाद्या मुलाने हयगय केली आणि प्रयोग वाया गेला, की दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत.

आणि त्यांचा तो उपास. ज्या दिवशी उंदीर उपाशी, त्या दिवशी दादा उपाशी. पाणी प्यायचे, चहासुद्धा नाही. त्याची सुरुवात त्यांनीच मला सांगितली होती. नोकरी नवी होती तेव्हा उंदीरघराच्या पायरीवर बसून त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आत सगळे उपाशी. वास आत गेला आणि एकूण एक उंदीर जाळीला नाक लावून उभा राहिला. "ताई, घास गेलाच न्हाय खाली. त्या दिवसापासून ठरवलं, त्यांचं जे ते माझं." घरी त्यांची बायको, सोनाबाई, चिडायची. "देवाचा उपास कधी धरला न्हाय या मानसानी, उंदरांचा धरतोय," असं ती मला एकदा लग्नात भेटली तेव्हा हात नाचवत म्हणाली होती. त्या दिवसांत डबा करायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना, हे लक्षात ठेवा.

मी एकाच गोष्टीवरून त्यांच्याशी भांडायचे. गुडघ्यांसाठी ते अंगदुखीच्या गोळ्या घ्यायचे, रोज, आणि उपासाच्या दिवशीही. मी म्हणायचे, "अहो, उंदरांना आपण हेच देतो ना? रिकाम्या पोटी? मग तुमचं पोट काय पत्र्याचं आहे?" तर हसायचे. "त्यांना किती देतात ताई! मी एक घेतो. आन मी केवढा, उंदीर केवढा." इतकी वर्षं डोळ्यांसमोर बघून माणसाने असं म्हणावं! मी हात टेकले होते.

दादांची मुलगी प्रणाली. एकुलती एक, हुशार, गोरीगोमटी, बोलायला चटपटीत. ती आमच्याच कॉलेजात शिकली आणि पुढे एम.फार्मला मोठ्या सरांकडेच आली. तिचा विषय केळीच्या खांबाच्या रसाचा अल्सरवर काय गुण येतो ते बघणं. पोटात आग पडली की आमच्याकडे म्हाताऱ्या तो रस देतात. त्यासाठीचे खांब आमच्या नागावच्या वाडीतून मीच आणून दिले होते. दादांचा आनंद काय सांगावा! ती उंदीरघरात आली की ते पंख्याखालचं स्टूल तिच्याकडे सरकवायचे. "बाय, पाजायची सुई अशी धर. बाय, घाबरू नको, त्याला समजतं." तिला ते बायच म्हणायचे. माझ्याकडे येऊन सांगायचे, "ताई, आता माझ्या पोरांना माझी पोर औषध पाजनार." त्या माणसाने आयुष्यात एवढीच एक बढाई मारली असेल.

त्या दिवशी, म्हणजे प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, उंदीर उपाशी ठेवायचे होते. एरवी पिंजऱ्यातला खाना दादा स्वतः काढायचे. त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला होता. प्रणाली म्हणाली, "बाबा, तुम्ही जा घरी. मी ठेवते उपाशी, माझाच तर प्रयोग आहे." दादा चावी तिच्याकडे देऊन खूश होऊन निघाले. जाताना स्टोअरमध्ये डोकावून म्हणाले, "आमचा उपास सुरू झाला ताई." मी त्यांना सोलकढी देऊ केली होती, तीही त्यांनी घेतली नाही.

नंतर मी स्टोअर बंद करून बाहेर पडले तेव्हा गेटसमोर एक गाडी उभी होती आणि आतल्या मुली हॉर्न वाजवत होत्या. पिवळ्या साडीतली प्रणाली धावत येऊन गाडीत बसली. थळला तिच्या मैत्रिणीची हळद होती. आगरी हळद म्हणजे काय असते ते आमच्या भागात कोणाला सांगायला नको, रात्रभर नाचतात. लग्न एखादा चुकवेल, हळद चुकवणार नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरीने काम उरकलं आणि मग निघाली, असंच मी समजले.

दुसऱ्या दिवशी प्रयोग झाला. दादा एकेक उंदीर हातात घेऊन धरत होते, प्रणाली पाजत होती. दादांचं तोंड सुकलेलं होतं. दुपारनंतर पोटं उघडायची वेळ आली, तेव्हा भिंग द्यायला मी प्रयोगशाळेत गेले. प्रणालीने पहिलं पोट उघडलं आणि तिथेच थांबली. दुसरं उघडलं. दोन्ही पोटांत तपकिरी लगदा, अर्धवट पचलेला खाना. हे उंदीर नुसतं पाणी मिळालेल्यांपैकी होते. त्यांची पोटं ठिपक्यांनी भरायला हवी होती, आणि ती जवळजवळ स्वच्छ होती. प्रणालीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. तिने एका मुलाला सरांना बोलवायला पाठवलं.

मी दादांना शोधत मागे मोरीवर गेले. ते जाळीखालचे ट्रे धुवायला घेऊन उभे होते. एक ट्रे त्यांनी माझ्यापुढे धरला. लेंड्यांमध्ये खान्याचा चुरा पडला होता, भरपूर. "रातभर जेवलेत, ताई," दादा म्हणाले. "बायनी खाना काढलाच न्हाय. सकाळी येऊन काढला असंल. तिला वाटलं असंल, तेवढं चालंल." असं म्हणून त्यांनी नळ सोडला आणि माझ्यादेखत तो चुरा वाहून जाऊ दिला. ट्रे घासला, पुसला, उन्हात उभा केला. "कोनाला बोलू नका. मी सांगतो तिला समजावून. पोर हाय." त्या वेळी दादांना उपाशी राहून जवळजवळ एक दिवस होत आला होता. उंदीर जेवत होते आणि हा माणूस उपाशी होता, आणि तरी त्याला काळजी मुलीचीच.

आम्ही आत आलो तर मोठे सर आलेले होते आणि त्यांचा आवाज चढला होता. एवढे जीव वाया गेले, आता प्राण्यांच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला काय उत्तर देऊ, हा निष्काळजीपणा कोणाचा, असं चाललं होतं. दादांना बघून ते म्हणाले, "हिरामण, यांना खायला कोणी घातलं?"

दादांनी प्रणालीकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, ती आता बोलेल. मलाही वाटलं. चूक झाली सर, एवढे तीन शब्द. सर ओरडले असते, महिना-दोन महिने लांबलं असतं, आणि काय?

ती बोलली. "सर, बाबांना उपाशी प्राणी बघवत नाहीत. पूर्वीही असं झालंय. मी खाना काढून गेले होते. मी गेल्यावर त्यांनी..." आणि पुढचं वाक्य तिने सोडून दिलं.

पूर्वी झालं होतं ते असं. दादा नवे होते तेव्हा एकदा त्यांनी उपाशी ठेवलेल्या सशाला कोबीचं पान दिलं होतं आणि सरांची बोलणी खाल्ली होती. ती गोष्ट कॉलेजात गंमत म्हणून सांगितली जायची. तिने ती गंमत बरोबर काढली आणि बापावर ठेवली. दादा तिच्या आधी घरी गेले होते, रात्री उपाशी झोपले होते, सकाळी डब्याशिवाय आले होते. हे त्या घरात राहणाऱ्या मुलीला माहीत नव्हतं?

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण दादांनी माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. मग सरांना म्हणाले, "झालं असंल, सर."

"झालं असेल म्हणजे? घातलंस की नाही?"

"घातलं."

सरांनी चावी मागितली. दादांनी सकाळी परत करगोट्याला बांधलेली चावी सोडायला घेतली, तर गाठ सुटेना. पोटात अन्न नव्हतं. शेवटी प्रणाली पुढे झाली आणि तिने गाठ सोडून दिली. मी तो हात बघितला आणि भिंग उचलून स्टोअरला परत गेले.

संध्याकाळी मी सरांच्या केबिनकडे निघाले होते. दादा जिन्यात बसलेले. माझा इरादा त्यांनी ओळखला. "ताई, तुम्हाला माझी शप्पत. तिचं वरीस जाईल. नाव जाईल." मी म्हटलं, "आणि तुमचं?" ते म्हणाले, "माझं काय, मी मिठागरातला मानूस." मग म्हणाले, "पोरांनी मना कधी चावलं न्हाय, ताई." आणि रडले. एवढा थोराड माणूस, गुडघ्यात डोकं घालून.

दादा गेटवर गेले. उंदीरघरात भिकू नावाचा नवा माणूस आला. प्रणालीचा प्रयोग पुन्हा झाला, नव्या उंदरांवर, आणि छान झाला. केळीच्या रसाला गुण आला. ती पास झाली, तळोज्याला एका कंपनीत लागली, कॉलेजातल्या सत्कारात मोठ्या सरांच्या हातून तिने गुच्छ घेतला. दादा मागच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

दोघांत भांडण असं झालं नाही. सोनाबाईला दादांनी काही कळूच दिलं नाही. फक्त एक बदललं. त्या दिवसापासून दादांनी तिला बाय म्हणणं सोडलं. "प्रणाली, गाडी आली." "प्रणाली, छत्री घे." ती एकदा गेटवर त्यांच्याजवळ उभी राहून म्हणाली, "बाबा, मी सरांना सांगणार होते, नंतर." दादा म्हणाले, "बरं." आणि एका मोटरसायकलवाल्याला अडवायला उठून गेले.

उपास मात्र त्यांनी सोडला नाही. गेटवरून स्टोअरमध्ये यायचे आणि विचारायचे, "ताई, पुढचे कधी ठेवतायत?" मी खोटं सांगून बघितलं, पण ते भिकूलाही विचारून ठेवायचे. दिवसभर गेटवर उभं राहून गुडघे आणखी दुखायला लागले, गोळ्या वाढल्या. पोट दुखतं म्हणायला लागले, पोटाला हात लावून बसायला लागले. मी डॉक्टरकडे चला म्हटलं की उद्या म्हणायचे. मी प्रणालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मी त्यांना कितीदा सांगितलंय, गोळी जेवून घ्या म्हणून. ऐकतात कुठे?" आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण आली नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. उंदीर आदल्या दिवसापासून उपाशी होते, म्हणजे दादाही. दुपारी गेटवर आरडाओरडा झाला म्हणून मी धावले. दादा खुर्चीच्या बाजूला पडले होते आणि शर्टावर रक्ताची उलटी होती. भिकूने आणि मी त्यांना रिक्षात घातलं आणि अलिबागला दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं, रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, पोटातली जखम वाहते आहे, दुर्बीण घालून आत बघायचं आणि तिथेच बंद करायची. तोपर्यंत तळोज्याहून प्रणाली पोहोचली होती. केस विस्कटलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. तिने बापाचा हात धरला. दादांनी तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

तरुण डॉक्टर घाईत होते. दुर्बीण घालायच्या आधी त्यांनी विचारलं, "पोट रिकामं आहे ना? शेवटचं कधी खाल्लंय? पोटात अन्न असलं तर ते श्वासनळीत जायचा धोका असतो. पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी मुलगी," प्रणाली पुढे होऊन म्हणाली. "उपाशी आहेत डॉक्टर. कालपासून काही खाल्लेलं नाही."

"नक्की? मध्ये कोणी काही खायला घातलं नाही ना?"

"नाही. मला माहीत आहे. उंदीर उपाशी असले की ते काहीच खात नाहीत. कधीच खात नाहीत."

दादांनी डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता, पण खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला.

"डॉक्टर, तिच्या सांगन्यावर जाऊ नका. मागं एकदा ती बोलली व्हती, उपाशी ठेवलेत म्हनून." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "या ताईंना इचारा."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. प्रणालीचा चेहरा मला बघवला नाही. इतके महिने मी मनात म्हणत होते की हिला कोणीतरी तोंडावर सुनवायला हवं. सुनवलं ते त्यांनीच, आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

"काल संध्याकाळपासून उपाशी आहेत," मी म्हटलं. "फक्त पाणी आणि गुडघ्याची गोळी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि दादांना आत नेलं.